इंग्लंडचा इतिहास : राजांवरून नको, नोंदवह्यांवरून बघूया

रानवाटा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मी अकरा वर्षं डर्बीशरमध्ये राहते. त्यातली शेवटची चार वर्षं दर गुरुवारी जुन्या कागदपत्रांच्या एका दप्तरखान्यात विनामोबदला काम करते. काम एकच. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं समोर घ्यायची, तीन-चारशे वर्षांपूर्वीचं अक्षर लावायचं आणि संगणकावर उतरवायचं. बाप्तिस्मा, लग्न, दफन. पुन्हा बाप्तिस्मा, लग्न, दफन. माझे आजोबा मोडी वाचायचे. ते म्हणायचे, अक्षर आधी डोळ्याला लागतं, मग जिभेला. त्याचा अर्थ मला इथे येऊन कळला.

शाळेत आपण ट्यूडर, स्टुअर्ट, जॉर्जियन, व्हिक्टोरियन असे कप्पे शिकलो. सगळी राजांची आणि घराण्यांची नावं. या वह्या वाचता वाचता माझ्या डोक्यातले कप्पे मात्र बदलले. आता मी प्रत्येक काळाला तीन प्रश्न विचारते. साध्या माणसाचं नाव कागदावर आलं का? ते कोणी लिहिलं? आणि कशासाठी?

पहिला मोठा कागद म्हणजे १०८६ चं डूम्सडे बुक. फ्रान्सच्या उत्तरेकडल्या नॉर्मंडीहून येऊन १०६६ मध्ये राज्य जिंकलेल्या विल्यमने १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टरला ठरवलं की सगळ्या मुलखाची मोजणी करायची. जमीन आधी कोणाकडे होती, आता कोणाकडे आहे, नांगर किती, गिरणी आहे का, कुरण केवढं, उत्पन्न तेव्हा किती नि आता किती. आपला सातबाराच म्हणा. त्या काळच्या इतिवृत्तकाराने तक्रार केली आहे की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा सुटलं नाही. यॉर्कशरच्या कितीतरी गावांपुढे फक्त ‘ओसाड’ एवढंच लिहिलंय, कारण १०६९-७० च्या हिवाळ्यात याच राजाने उत्तरेचा मुलूख जाळून बेचिराख केला होता. या पुस्तकात कुळं मोजलेली आहेत, गुलाम मोजलेले आहेत. नाव मात्र जमीनदाराचं.

मग १३४८ ची काळी साथ, म्हणजे प्लेग. तिसरा हिस्सा माणसं गेली, काहींच्या मते निम्मी. त्यांची नावं लिहून ठेवणारी वहीच नव्हती. हर्टफर्डशरमधल्या अॅशवेल गावच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमध्ये ओळी कोरून ठेवल्यात. सन १३५०, हाल झालेले, वेडेपिसे, उरलासुरला गाळ तेवढा साक्षीला मागे राहिला, अशा अर्थाच्या. दगडावर टोकदार काहीतरी घेऊन खरवडलेली अक्षरं आहेत, एकसारखी नाहीत. मी त्यांच्यावर हात न लावता बोट फिरवलं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलेलं नाही.

नावं येतात ती १५३८ मध्ये. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाने, एक वही ठेवायची आणि प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन त्यात लिहायचं. हा तोच माणूस, ज्याने त्याच चार-पाच वर्षांत सुमारे ८०० मठ मोडीत काढले. लोकांना वाटलं, नवा कर येतोय. पण त्या हुकुमामुळेच मेंढपाळाचं, दाईचं, तीन दिवसांच्या बाळाचं नाव आज मला वाचता येतं.

या वह्यांची ताकद बघायची असेल तर माझ्या जवळचं गाव आहे, ईम. (लिहितात वेगळं, म्हणतात ईम.) सप्टेंबर १६६५ मध्ये तिथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं, त्यात प्लेगच्या पिसवा होत्या. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. पुढच्या उन्हाळ्यात साथ पुन्हा भडकली, तेव्हा पाद्री विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा, पदावरून काढलेला थॉमस स्टॅन्ली हे दोघे मतभेद बाजूला ठेवून एकत्र आले. गावाने ठरवलं, आपण हद्द ओलांडायची नाही, साथ शेजारच्या गावांत जाऊ द्यायची नाही. हद्दीवरच्या दगडाला भोकं होती, त्यांत व्हिनेगर भरून पैसे टाकायचे आणि बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. एलिझाबेथ हँकॉक नावाच्या बाईने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं गमावली. प्रत्येकाला तिने स्वतः ओढत नेऊन स्वतःच्या हातांनी पुरलं. त्याच महिन्यात मॉम्पेसनची बायको कॅथरिन गेली. गावात सुमारे २६० माणसं दगावली. त्या थडग्यांपाशी शेताच्या कडेला मी तासभर बसले होते. आजूबाजूला मेंढ्या चरत होत्या.

तर मंडळी, तुम्हाला इंग्लंडच्या इतिहासातला कोणता काळ जवळचा वाटतो? आणि तो कोणत्या कागदावरून, दगडावरून, भिंतीवरून तुम्हाला दिसला?

---

उंबरठा
सोमवार, रात्री ११.०५

ताई, वाचनखूण साठवली. फार दिवसांनी असा धागा आला.

मी भाषेचा विद्यार्थी. माझा लाडका काळ १०६६ नंतरची तीनशे वर्षं, कारण तो आपल्याकडे जसाच्या तसा घडलाय. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, दप्तर लॅटिनमध्ये, आणि नांगर धरणारा इंग्रजीत बोलणारा. कोर्टात उभं राहिलं की आपल्यावर काय आरोप आहे तेच गरिबाला कळायचं नाही. शेवटी १३६२ मध्ये कायदा झाला की कोर्टातला युक्तिवाद इंग्रजीत करावा, कारण फ्रेंच लोकांना समजत नाही. आणि तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्ये!

आपल्याकडे हेच फारसीचं. वसूल, दाखला, हजर, मौजे, कसबा, फिर्याद. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे शब्द आपल्या अंगात मुरलेच. इंग्रजीचंही तसंच झालं. न्याय, तुरुंग, जमिनीची मालकी यांचे बहुतेक शब्द त्यांच्याकडे फ्रेंचमधून आले. आजसुद्धा ब्रिटिश संसदेत विधेयकाला राजाची संमती मिळाली की कारकून ती नॉर्मन फ्रेंचमध्ये जाहीर करतो. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या स्वारीचा आवाज अजून त्या सभागृहात येतो. मी तो पहिल्यांदा व्हिडिओवर ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.

---

नांगरट
मंगळवार, सकाळी ७.२०

धागा आवडला, पण एका गोष्टीला मनापासून विरोध करतो. नाव कागदावर आलं म्हणजे माणसाचं भलं झालं असं तुमच्या लिखाणातून वाटतं. कागद गरिबाच्या पायातली बेडीही असतो. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला विचारा.

माझा काळ १३८१ चा, शेतकऱ्यांच्या बंडाचा. साथीत माणसं मेल्यामुळे मजुराला भाव आला होता, आणि सरकारने कायदे करून मजुरी दाबून धरली होती. त्यात फ्रान्सशी लढाई चालू ठेवायला डोईपट्टी आली. १३७७ मध्ये माणशी ४ पेनी, १३८० मध्ये ती थेट १२ पेनी. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकावर, राबणाऱ्या बाईवरसुद्धा. नावं घरोघर फिरून लिहिली जायची ती यासाठी! एसेक्स आणि केंट पेटले, बंडाचा पुढारी वॉट टायलर याच्याबरोबर लोक लंडनमध्ये शिरले.

पण मला थांबवतं ते हे की गावोगावी लोकांनी आधी काय जाळलं? जमीनदारांच्या कचेरीतले दप्तराचे रुमाल. कोण कोणाचं बांधील कूळ, कोणी किती दिवस वेठ करायची, मुलीच्या लग्नाला किती दंड भरायचा, सगळं त्यात होतं. केंब्रिजला विद्यापीठाची कागदपत्रं भर बाजारात जाळली आणि मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीने ती राख वाऱ्यावर उधळली, असं सांगतात. तिला त्या कागदांचं काय करायचं ते नेमकं कळत होतं.

आपल्याकडे १८७५ मध्ये सुप्याला आणि पुणे-नगरच्या गावांत कुळांनी सावकारांची खतं जाळली, ते आठवा. जवळजवळ पाचशे वर्षांचं अंतर, पण होळी त्याच कागदाची.

---

रानवाटा
मंगळवार, सकाळी ८.५०

नांगरटदादा, तुमचं म्हणणं पटलं. मी पाद्र्याच्या वहीतून बघते, तिथे माणूस देवापुढे उभा असतो. तुम्ही जमीनदाराच्या वहीतून बघताय. दोन्ही वह्यांत माणूस तोच. सुप्याची आठवण काढलीत हे फार बरं केलंत, दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

---

जुनीपेठ
मंगळवार, दुपारी १.१५

माझं वय ७१, नाशिकचा. आमच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळी असतात. माझ्या पणजोबांची सही मी तिथे पाहिली आहे, त्यामुळे ताईंचं काम मला डोळ्यांपुढे दिसतं. एक शंका. आमच्या नामावळीत शक आणि संवत यांचा घोळ होतो. इंग्रजांच्या वह्यांत तारखा सरळ असतात का?

---

रानवाटा
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

काका, अजिबात सरळ नसतात! पहिल्या वर्षी माझ्या हातून यात मोठी चूक झाली होती. एका जोडप्याच्या मुलाचा बाप्तिस्मा त्यांच्या लग्नाच्या आधी दिसत होता. मी तशी टीपही लिहिली. मग एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी हळूच दाखवलं की १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपास. त्यामुळे एप्रिल १७०१ नंतर दहा महिन्यांनी फेब्रुवारी येतो तो १७०१ चाच. पहिल्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलं ते आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो, पण त्या दिवशीच्या माणसाच्या हिशेबी १६४८ चालू होतं. मग १७५२ मध्ये २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर थेट १४ सप्टेंबरचा गुरुवार आला. मधले अकरा दिवस कोणाच्याच वहीत नाहीत.

आणि हा चार्ल्स आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, कितीतरी वह्या कोऱ्या आहेत. पाद्री हाकलले, कोणी पळून गेले. १६४७ मध्ये तर नाताळसुद्धा बंद केला होता, त्यावरून कँटरबरीत दंगल झाली. कोरं पान उलटताना हात जड होतो.

अजून एक सांगायचा मोह आवरत नाही. १६६६ च्या आणि नंतर १६७८ च्या कायद्याने मढं लोकरीच्या कापडातच गुंडाळायची सक्ती होती. देशातल्या लोकरीचा धंदा टिकावा म्हणून! नातेवाइकांनी आठ दिवसांत तसं शपथेवर सांगायचं, नाहीतर ५ पौंड दंड. पाद्री नावापुढे शपथ झाल्याची खूण करतो. काही श्रीमंत घरं दंड भरून तागाच्या कापडात पुरायची. एका पानावर अशा तीस-पस्तीस खुणा आणि मधेच एक दंड. गावातलं मोठं घर कोणतं ते तिथेच कळतं.

---

पिंपळपान
मंगळवार, रात्री १०.१०

ताई, तुमच्या वह्यांत आपली माणसंही आहेत. लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटजवळ सेंट डायोनिस बॅकचर्च नावाचं चर्च होतं. तिथे २२ डिसेंबर १६१६ रोजी बंगालच्या उपसागराच्या काठावरून आणलेल्या एका तरुण मुलाचा बाप्तिस्मा झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री पॅट्रिक कोपलंड त्याला घेऊन आला होता. बघायला मोठमोठे लोक जमले होते. पीटर हे नाव खुद्द पहिल्या जेम्स राजाने निवडलं. पुढच्या वर्षी तो कोपलंडबरोबर परत हिंदुस्थानात गेला. लॅटिनमध्ये पत्रं लिहिण्याइतका शिकला होता.

वहीत पीटर आहे. त्याच्या आईने ठेवलेलं नाव कुठेच नाही.

त्यानंतर तीनशे वर्षांनी पूर्व लंडनमध्ये हॅकनीला आयांचं वसतिगृह होतं. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने आलेल्या आणि मग परतीच्या तिकिटावाचून अडकलेल्या बायका तिथे राहायच्या. २०२२ मध्ये त्या घरावर निळी पाटी लागली, इतिहासातल्या महत्त्वाच्या घरांवर लावतात ती. आपल्या घरांत ‘पणजी विलायतेला जाऊन आली होती’ एवढंच कोणाकोणाला ठाऊक असतं. त्यातल्या काही जणी या दारातून आत गेल्या असतील.

---

डोंगरीकर
बुधवार, सकाळी ९.००

पिंपळपान, प्रतिसाद वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

त्याच जेम्सचा नातू दुसरा चार्ल्स. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने कॅथरिन राजकन्येबरोबर आमची मुंबई त्याला दिली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिली. म्हणजे ताईंच्या हिशेबात, लोकरीत न गुंडाळलेल्या दोन मढ्यांचा दंड. इथल्या कोळ्या-भंडाऱ्यांची नावं त्या करारात कशाला असतील?

---

कुंचला
बुधवार, दुपारी ३.४५

मी चित्रकार, म्हणून भिंतीकडून येते. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपेल या जुन्या प्रार्थनागृहात कमानीवर शेवटच्या न्यायाचं चित्र आहे, थडग्यांतून उठणारी माणसं, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरकाचा जबडा. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचं चर्च पोपपासून फुटल्यावर, अशी चित्रं पुसायचे हुकूम निघाले. गावच्या हिशेबात, जानेवारी १५६४ मध्ये दिलेल्या, चॅपेलमधली चित्रं विद्रूप करण्यासाठी २ शिलिंग खर्च नोंदलाय. हिशेब देणारा होता जॉन शेक्सपिअर. तीन महिन्यांनी त्याच्या घरी विल्यम जन्मला.

पण कामगारांनी चित्रं खरवडली नाहीत, बऱ्याच ठिकाणी नुसता चुना फासला. त्या चुन्यानेच ती राखली. १८०४ मध्ये चुन्याखालून ती पुन्हा दिसली. आता रंग फार फिके झालेत, तांबूस आणि राखी तेवढे उरलेत. मी खाली उभं राहून पाहिलं तर एका माणसाचा नुसता खांदा आणि वर केलेला हात दिसत होता. आदेश मानायचा, पण हात हलका ठेवायचा, असं त्या गवंड्यांनी ठरवलं असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्यांच्यासमोर त्यांनी आयुष्यभर गुडघे टेकले, ती चित्रं होती ती.

---

सूतगिरणी
बुधवार, रात्री ८.२०

डर्बीशर म्हटल्यावर क्रॉमफर्डचं नाव यायलाच हवं. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये तिथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढली आणि जग बदललं. माझे वडील आणि आजोबा दोघंही परळच्या गिरणीत. साच्याची धडधड आमच्या घराच्या हाडात आहे, म्हणून मी मुद्दाम ती दरी बघायला गेलो होतो.

क्रॉमफर्डबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला लिटन मिलबद्दल सांगायचंय, तिथून फार लांब नाही. रॉबर्ट ब्लिंको नावाचा मुलगा १७९६ मध्ये, चार वर्षांचा असताना, लंडनच्या सेंट पँक्रस वर्कहाउसमध्ये आला, म्हणजे निराधारांच्या सरकारी आसऱ्यात. आईबाप माहीत नाहीत. १७९९ मध्ये गाडी भरून मुलं नॉटिंगहॅमजवळच्या गिरणीला दिली, त्यांत हाही. तिथून पुढे लिटन मिल. चौदा-चौदा तास उभं राहून काम, मार, उपास. तिथली मुलं मेली की टाइड्सवेल आणि टॅडिंग्टन अशा दोन गावांत वाटून पुरायचे. एका पाद्र्याच्या वहीत फार नावं दिसायला नकोत म्हणून, असं म्हणतात. ताई, तुम्ही १५३८ च्या वहीचं मोठेपण सांगितलंत. ती वही वाचता येणाऱ्याला फसवायची युक्तीही माणसाने काढली.

ब्लिंको जगला. मोठेपणी त्याची कहाणी छापली गेली, बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला ती उपयोगी पडली.

---

रानवाटा
बुधवार, रात्री ९.५५

सूतगिरणी, टाइड्सवेलचं चर्च मी कितीदा पाहिलंय. देखणं आहे म्हणून लोक लांबून येतात. पुढच्या वेळी आधी आवारात जाईन.

---

दिवेलागण
गुरुवार, सकाळी १०.३०

माझी आवड विसाव्या शतकाची. १८०१ मध्ये पहिली खानेसुमारी झाली ती नुसती डोकी मोजणारी होती. देशभर प्रत्येकाचं नाव आलं १८४१ मध्ये. आणि १९११ मध्ये बायकांनी सांगितलं, आम्हाला मत नाही तर आमची मोजदादही नको. कोणी रात्रभर चाकांच्या स्केट्सवर स्केटिंग करत बसल्या, कोणी अर्जावर आडवं लिहून ठेवलं. एमिली वाइल्डिंग डेव्हिसन २ एप्रिलच्या रात्री संसदेच्या तळघरातल्या प्रार्थनागृहात झाडू ठेवायच्या कपाटात लपून बसली. सकाळी सापडली आणि तिथल्या अधिकाऱ्याने तिचं नाव रीतसर अर्जात भरलं, पत्ता वेस्टमिन्स्टर हॉलचं तळघर. घरमालकिणीनेही तिकडे तिचं नाव लिहिलं होतं, म्हणजे ती दोनदा मोजली गेली. दोन वर्षांनी डर्बी नावाच्या घोड्यांच्या शर्यतीत राजाच्या घोड्याच्या टापांखाली येऊन ती गेली. खासदार टोनी बेन यांनी १९९१ मध्ये त्या कपाटात स्वतः पाटी लावली.

१९३१ ची खानेसुमारी १९४२ मध्ये आगीत गेली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधल्या काळाला २९ सप्टेंबर १९३९ ची नोंद तेवढी आहे, रेशनकार्डासाठी आणि ओळखपत्रासाठी केलेली. पुढे १९४८ पासून सरकारी आरोग्यसेवेने तीच वापरली, म्हणून लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावं त्यावर वेगळ्या शाईने चढवलेली दिसतात. एका पानावर युद्ध, रेशन, लग्न आणि दवाखाना.

---

साखरपाणी
गुरुवार, दुपारी २.००

लेस्टरला नर्स म्हणून ३० वर्षं काढली. ताईंच्या या कागदांच्या गोष्टीतलं शेवटचं पान मी डोळ्यांनी पाहिलंय.

२२ जून १९४८ ला विंडरश बोटीतून कॅरिबियन बेटांवरची माणसं टिलबरीला उतरली. युद्धानंतर बस चालवायला, दवाखान्यात राबायला माणसं हवी होती. मुलं आईबापाबरोबर, काही आईबापाच्या पासपोर्टवर आली. ती या देशाची नागरिक, म्हणून वेगळा कागद कोणी दिला नाही, कोणी मागितला नाही. मग नियम कडक झाले आणि साठी-सत्तरीतल्या माणसांना म्हणायला लागले, तू केव्हा आलास ते दाखव. उतरतानाची कार्डं सरकारच्या गृहखात्याकडे होती, ती २०१० मध्ये नष्ट केलेली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार अडले, काहींना देशाबाहेर पाठवलं. २०१८ मध्ये हे सगळं उघड झालं.

माझ्या शेजारी जमैकाच्या एक आजी होत्या. आमच्याच पेशातल्या. त्या काळात त्यांनी जेवणाच्या टेबलावर शाळेचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या, मुलांच्या लसीची पुस्तकं अशी वर्षावार मांडून ठेवली होती. दर वर्षासाठी एक तरी कागद. १९७३ चा मिळत नव्हता. तीन दिवस आम्ही दोघींनी तिचं कपाट उपसलं आणि शेवटी बायबलमध्ये चर्चच्या बाप्तिस्म्याची पावती सापडली, तिच्या थोरल्या मुलीची. त्या पावतीवर डोकं टेकवून रडल्या.

---

रानवाटा
गुरुवार, रात्री ११.३०

आज गुरुवार, म्हणून दप्तरखान्यात गेले होते आणि दिवसभर तुमचे प्रतिसाद डोक्यात होते. साखरपाणीताईंचा तर घरी येताना बसमध्ये वाचला आणि एक थांबा पुढे गेले.

आज लग्नांची वही होती, १७५४ नंतरची. त्या वर्षापासून कायद्याने नवरा-नवरी दोघांनी स्वतः सही करायची, लिहिता येत नसेल तर खूण. त्याआधी सगळं पाद्र्याचं अक्षर. इथून पुढे नांगरटदादांच्या माणसांचा आणि मार्जरी स्टारच्या लेकी-सुनांचा स्वतःचा हात कागदाला लागतो. आज एका नवरीची फुली होती. पहिली रेघ घाबरत, थरथरत काढलेली, मधेच टाक अडलेला, शाईचा ठिपका पडलेला. दुसरी रेघ मात्र एका दमात, इतकी जोरात की कागदावर ओरखडा उठलाय आणि शाई पाठीमागच्या पानावर उतरली आहे. बाजूला पाद्र्याने बारीक अक्षरात लिहिलंय, ही हिची खूण.

पुढच्या गुरुवारी तिच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधणार आहे. सापडले तर इथेच लिहीन.